पोत्यामागे दोन पायल्या

मीठ सांभाळावं लागतं, हे मला चोविसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्या भोरच्या घरी ते चिनी मातीच्या बरणीत असायचं. बरणीत ते येतं कुठून, याची चौकशी करायची वेळ आमच्यावर कधी आली नाही. वडील कचेरीत कारकून, थोरला भाऊ वकिलाकडे लेखनिक. घरात कागद वाहून आणणारी माणसं होती, पोती वाहून आणणारं कुणी नव्हतं. मीठ हा शब्द ऐकला की आमच्या पिढीला भाषण सुचायचं, एवढाच माझा मिठाशी संबंध.

भाषणं मात्र भरपूर सुचायची. आम्ही पाच जण होतो आणि स्वतःला मंडळ म्हणवून घेत होतो. संस्थानाविरुद्ध लिहायची आमची छाती नव्हती, म्हणून आम्ही व्यापाऱ्यांविरुद्ध लिहायचो. हे आज कबूल करायला मला लाज वाटत नाही. तेव्हा कबूल केलं नाही, याची वाटते. लढाई चालू होती, कागद मिळत नव्हता. पुण्यातला एक छापखानेवाला मोठे कागद कापून उरलेल्या पट्ट्यांवर आमचं काम करून द्यायचा, म्हणून आमची सगळी पत्रकं वीतभर रुंद आणि हातभर लांब. वेल्ह्याकडच्या गावांत त्यांना फार मागणी होती. तंबाखू गुंडाळायला तो आकार सोयीचा पडतो, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

घासलेटाच्या काळ्या बाजारावरचं असंच एक पत्रक घेऊन मी माघात पासलीला गेलो होतो. तिथं एका घरी जेवायला बसलो. घर एका विधवा बाईचं. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं, अगदी तिच्याहून वयानं मोठे असलेले पुरुषसुद्धा. भात, आमटी आणि पानाच्या कडेला चिमूटभर मीठ. मी आणखी मागितलं, तर आत्या म्हणाली, "जपून खावा. आमच्या मिठाला लई वाटा हायती."

"कसल्या वाटा?"

"गळ."

गळ म्हणजे काय, ते तिनं सांगितलं आणि मी जेवता जेवता उठलो. (आमटी चांगली होती. उठायला नको होतं.)

पावसाळ्यात ही गावं चार महिने तुटतात. ओढे भरले की ना भोर, ना वेल्हं. म्हणून चार महिन्यांचं मीठ उन्हाळ्यातच भरून ठेवायचं. माणसांना लागतं, गुरांना त्याहून जास्त लागतं. कोकणातलं मीठ वरंध्याच्या घाटानं भोरच्या पेठेत यायचं आणि तिथून ते पासलीला आणणारा माणूस एकच. त्याच्याकडे लादणीचे दहा बैल होते. पाठीवर दोन्ही बाजूंना गोणी टाकून तो ते डोंगरवाटेनं हाकत आणायचा. गावात सगळे त्याला मामा म्हणत. गावानं आपापल्या घरचं भात जमा करून त्याला द्यायचं, त्यानं ते पेठेत घालून चोवीस पोती मीठ आणायचं, आपल्या घरात ठेवायचं आणि दर अवसेला घरटी वाटायचं. मेहनतीचं भात त्याला वेगळं मिळायचं. आणि वर पोत्यामागे दोन पायल्या मीठ तो स्वतःकडे ठेवायचा. ती गळ. वाटेत गळतं, घरात पाझरतं, म्हणून आधीच कापून घ्यायचं.

"आणि खरोखर किती गळतं?" मी विचारलं.

"त्ये कुणाला ठावं?" आत्या म्हणाली. "दोन पायल्या गळतंय. गळ दोन पायल्यांचीच असती."

हे उत्तर ऐकून मला जे झालं, ते फक्त पत्रक लिहिणाऱ्यांनाच होतं. अंगावर काटा आला. आनंदाचा.

त्यात आणखी एक भर पडली. गावाच्या वर सपाटीवर धनगरवाडा आहे, सहा घरांचा. मधे ओढा. त्यांचं मीठ नेहमी सगळ्यांच्या शेवटी जायचं, म्हणजे पाऊस लागल्यावर, म्हणजे तळाशी राहिलेली ओली पोती, असं मी धरून चाललो. गळ मात्र त्यांच्याकडूनही पुरी दोन पायल्या. मी त्याच दिवशी वर चढून गेलो. एक म्हातारी गोठा झाडत होती. मी तिला म्हटलं, "आजी, यंदा तुमचं मीठ पहिलं येईल, कोरडं येईल आणि पुरं येईल." तिनं झाडू थांबवला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा झाडायला लागली. मला वाटलं, तिला गहिवरून आलं असावं.

'मीठचोरास जाहीर जाब' हे पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. फाल्गुनात पासलीच्या देवळापुढे मी ते वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं: "आपल्या काळ्या, धुरकट, कोंदट खोपटात जनतेचे मीठ कोंडून ठेवणारा हा मिठाचा सरंजामदार आणखी किती दिवस गळ्याला गळ लावणार?" टाळ्या पडल्या नाहीत. मामा स्वतः पुढेच बसला होता. पन्नाशीचा, काटकुळा माणूस, खांद्यावर घोंगडी. त्यानं हात वर केला.

"त्ये धुरकट म्हनला न्हवं, त्ये परत वाचा."

मी परत वाचलं.

"बरं लिवलंय," तो म्हणाला. "धूर हाय खरा लई. आत येऊन बगितलंत?"

"बघायची गरज नाही."

"मंग बरूबर." आणि घोंगडी सावरून तो ऐकत राहिला, जणू मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होतो.

मी आवाज चढवला. पोत्यामागे दोन पायल्या म्हणजे चोवीस पोत्यांमागे किती, हिशेब करा, असं म्हणालो. मीठ काय दूध आहे गळायला? दगडासारखी वस्तू! तेव्हा मागून आत्याचा आवाज आला. "मंग तुमीच आणा की."

सगळे हसले. मी हसलो नाही. कुणी आव्हान दिलं की हसायचं नाही, हे आमच्या मंडळात ठरलेलं होतं.

"आणतो," मी म्हणालो. "यंदा आमचं मंडळ आणील. मेहनत फुकट. गळ नाही. जेवढं पेठेत भरलं तेवढं इथं मोजून देऊ. मूठभरही कमी नाही. आणि पहिली तीन पोती धनगरवाड्याला."

मामा म्हणाला, "बैल न्या माजं. भाडं नगं."

"तुमचे बैल नकोत," मी म्हणालो. तत्त्वाचा प्रश्न होता.

"ठेवणार कुठं?"

"शाळेत." पासलीत नुकतीच शाळेची खोली झाली होती: दगडी भिंती, चुन्याची सफेदी, खाली फरशी. भोर सोडल्यावर मी बघितलेली ती पहिली स्वच्छ जागा. "दिसेल असं ठेवू. सगळ्यांसमोर. धुरात नाही."

मामानं मान हलवली. ती होकाराची होती की कीव केल्याची, ते मी बघायला थांबलो नाही.

मामा दरवर्षी चैत्र संपता संपता पेठेत जायचा. आम्ही निघालो ज्येष्ठ लागल्यावर. मधल्या दोन महिन्यांत आम्ही तीन बैठका घेतल्या. पहिलीत मीठ समितीचा अध्यक्ष कोण, हे ठरलं नाही. दुसरीत ठरलं, पण चिटणीस रागावला. तिसरीत एकमतानं ठराव झाला की मीठ आणावं. इतिहासात कुठलीही वस्तू एवढा विचार करून आणली गेली नसेल.

गावानं जमा केलेलं भात घेऊन आम्ही पेठेत सकाळी सातला हजर झालो. शिस्त! दुकानदार अजून दात घासत होता. तोंडातला पाला थुंकून तो म्हणाला, "एवढ्या सकाळी? मामा तर चार वाजता येतो, उन्हं तापल्यावर."

"तो येत असेल," मी म्हणालो. "आम्ही वेळेचे पक्के आहोत."

दुकानदाराला एवढा आनंद का झाला, ते मला तेव्हा समजलं नाही. मीठ रात्रभर हवेतलं पाणी पितं आणि सकाळी जड भरतं. दुपारी ते वाळून हलकं होतं. मामा चार वाजता मीठ विकत घ्यायचा. मी सकाळी सातला पाणी विकत घेतलं. मापाचं काम आम्ही डोळ्यांत तेल घालून केलं, एक दाणा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, आणि तो माणूस आमच्या प्रामाणिकपणाचं मनापासून कौतुक करत होता.

पोती जुनी होती. लढाईमुळे नवा ताग मिळत नव्हता. मामाकडे म्हणे स्वतःच्या दुहेरी गोणी असायच्या, आतून घोंगडीचं अस्तर लावलेल्या. त्या आम्हाला कुठून मिळणार? आणि मागायला जाणार कोण?

तीन गाड्या भरून आम्ही दुपारी कापूरहोळला पोचलो. तिथं भोरचा रस्ता पुण्याच्या हमरस्त्याला मिळतो, म्हणून गाड्या सोडायची सगळ्यांची जागा ती. पेट्रोल नसल्यामुळे कोळशाच्या गॅसवर चालणारी एक लॉरी तिथं उभी होती आणि तिचा ड्रायव्हर तिला भट्टीसारखी फुंकत होता. आमच्या गाडीवाल्यांनी विचारलं, पोती उतरवून दगडावर ठेवू का? हवा खेळू दे, वरून पळसाची पानं घालू. मी नाही म्हणालो. उतरवायला एक तास, चढवायला एक तास. असल्या वेळ काढण्यानंच देश मागे राहिला, असंही म्हणालो.

मग मी चहा प्यायला गेलो.

परत आलो तेव्हा आमच्या तिन्ही गाड्यांभोवती बैलांची सभा भरलेली होती. माझ्या कुठल्याही सभेला एवढी गर्दी झाली नव्हती, आणि एवढी एकाग्रताही नव्हती. आमचे सहा, दुसऱ्या गाड्यांचे दहा-बारा, शिवाय कुणाची तरी एक म्हैस. सगळ्यांच्या जिभा पोत्यांना. एका पोत्याचा कोपरा चाटून चाटून पार गेला होता. लॉरीचा ड्रायव्हर भट्टी फुंकायची थांबवून हसत होता. "ओ मिठवाले," तो ओरडला, "आमच्या गाडीला बी वाईच चाटू द्या, कोळशानं तिचं तोंड कडू झालंय!"

नसरापूरकडून वेल्ह्याला वळल्यावर वळवाची एक सर आली. पावसावर कविता करणाऱ्या लोकांना माझं एवढंच सांगणं आहे, की त्यांनी एकदा चोवीस पोती मिठाबरोबर ती सर खावी.

वेल्ह्याच्या पुढे गाड्या जात नव्हत्या, तेव्हा मंडळातले बाकीचे तिथूनच गाड्यांबरोबर परतले. दुसऱ्या दिवशी पासलीची माणसं डोक्यावर न्यायला आली. एका पोत्याचे चार वाटे केले आणि जो तो आपला वाटा उचलू लागला. मीही एक उचलला. नेत्यानं पुढे असावं. अर्ध्या वाटेत माझ्या मानेवरून पाणी ओघळायला लागलं. घाम असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग आग सुरू झाली. मान, पाठ, सदऱ्याच्या आत थेट कमरेपर्यंत. सगळ्या बायांनी डोक्यावर पानांची जाड चुंबळ ठेवली होती, पानं कडेनं बाहेर काढून, म्हणजे पाणी अंगावर न येता बाहेर ठिबकावं. मला कुणी सांगितलं नाही. म्हणजे आत्यानं सांगितलं होतं, "पानं घ्या, साहेब." मी म्हणालो होतो, मला फरक करून वागवू नका.

"नाचायला लागलं की वो," मागून एक बाई म्हणाली.

"नाचत न्हाईत, भाशन करत्यात," आत्या म्हणाली.

त्या संध्याकाळी शाळेत गावासमोर मोजणी झाली. मूठभरही कमी नाही, असं मीच म्हणालो होतो. तेव्हा पायली मीच हातात घेतली. पोत्यामागे दीड पायली कमी भरलं. मी पुन्हा मोजलं. पुन्हा दीड. चाटलेलं पोतं तर मी मोजलंच नाही.

 गाव हसलं असतं तर परवडलं असतं. मामा भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "लई ऊन हुतं आज," आणि सगळा दोष उन्हावर टाकून घरी गेला. मी तर म्हणेन, कुणी कुणाचा एवढा क्रूर अपमान माझ्यासमोर केलेला नाही.

पण मी पत्रक लिहिणारा माणूस. त्या दिवशी मी झोपायच्या आधी गणित मांडून ठेवलं: तो दोन घेत होता, गळली दीड, म्हणजे उरलेली अर्धी पायली चोरीच. माझं पत्रक चौथ्या हिश्शानं खरं होतं. आमच्या मंडळाची बाकीची पत्रकं एवढीही खरी नव्हती.

आता पहिली तीन पोती धनगरवाड्याला न्यायला हवी होती. तसं मी म्हणालो होतो. पण दुसऱ्या दिवशी माणसं पेरणीच्या घाईत, तिसऱ्या दिवशी मला ताप, आणि चौथ्या दिवशी पाऊस जो लागला तो लागलाच. ओढा भरला. डोक्यावर ओझं घेऊन उतरायची सोय राहिली नाही. धनगरवाडा यंदाही शेवटी. फरक एवढाच, की यंदा ते माझ्यामुळे होतं.

पोती आम्ही शाळेत भिंतीला लावून, फरशीवर, एकावर एक ओळीनं रचली होती. फार सुंदर दिसत होती. भिंतीवर मी वाटपाची यादी लावली होती: दर अवसेला, घरटी माणसं मोजून, गुरं मोजून, सगळ्यांना सारखं. त्या यादीचा मला आजही अभिमान आहे. मोठ्या घरांनी आधी उचलायचं आणि लहान घरांनी तळ खरवडायचा, हा प्रकार मला बंद करायचा होता. कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला.

आठव्या दिवशी शाळेच्या मागच्या भिंतीपाशी गावातली गुरं गोळा झाली. ती भिंत चाटत होती. बाहेरून. दगडाच्या सांध्यांतून खारं पाणी बाहेर झिरपत होतं आणि शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून सफेदीवर जीभ फिरवत होत्या. मी दार उघडलं. फरशीवर पाणी. तळाची पोती बसली होती, वरची त्यांच्यात कलली होती. थंड फरशीनं खालून ओल दिली, भिंतीनं बाजूनं दिली, आणि मीठ त्या ओलीत शांतपणे निघून चाललं होतं. यादीसुद्धा खाली गळून पडली होती.

पळत मामाच्या घरी गेलो. मदत मागायला नाही. बघायला. त्यानं मला आत नेलं. चुलीच्या वर बांबूचा माळा होता, धुरानं काळा कुळकुळीत. माळ्यावर भाताच्या तुसाचा वीतभर थर, त्यावर चटई. दरवर्षी पोती तिथं असायची, भिंतीपासून हातभर लांब, एकमेकांपासून सुटी. खाली चूल दिवसभर जळायची. यंदा माळा रिकामा होता. 'धुरकट' हा शब्द मी वापरला होता. बरोबर वापरला होता. फक्त ती तक्रार नव्हती, ते गोदाम होतं.

"आता?" मी म्हणालो.

"आता काय? तुमी समिती हाये," मामा म्हणाला. टोमणा मारलाच त्यानं. मला जरा बरं वाटलं.

परत आलो तर शाळेपुढे बायका उभ्या, प्रत्येकीच्या कमरेवर मडकं, रांजण, डेरा, जे हाताला लागलं ते. पुढे आत्या.

"वाटून टाका," ती म्हणाली. "प्रत्येकीची चूल हाये. चुलीपाशी ऱ्हाईल."

"अवसेला वाटायचं ठरलंय. एकदम दिलं तर काही घरं दोन महिन्यांत संपवतील. मग? यादी केली आहे मी."

"यादी कुठं हाये?"

मी पाण्याकडे बोट दाखवलं.

"बगा," ती म्हणाली. "समद्यांच्या आदी यादी विरघळली. किल्ली आना."

मी दिली नाही. अर्धा तास दारात उभा राहिलो. आतून ठिबकण्याचा आवाज येत होता आणि मी समान वाटपावर बोलत होतो. मी चुकत होतो असं मला आजही पूर्ण वाटत नाही. मी बरोबर होतो. फक्त मी बोलत असताना मीठ कमी होत होतं. शेवटी आत्या पुढे आली, माझ्या कमरेची किल्ली तिनं मुलाच्या नाकातला शेंबूड काढावा तशी काढून घेतली, आणि दार उघडलं. बायकांनी स्वतः पायली धरली. माणसं मोजली, गुरं मोजली, तंतोतंत माझ्या यादीप्रमाणे. यादी त्यांना पाठ होती. मी ती वाचून दाखवली होती ना, चार वेळा.

शेवटी धनगरवाड्याची तीन पोती उरली. वरची होती म्हणून बरी राहिली होती. बायकांनी ती अर्ध्या तासात वळचणीखाली कोरड्या गवतावर काढून ठेवली आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

ओढा चढलेला. डोक्यावरून नेणं नाही. डोंगराच्या कडेनं फिरून एक लांबची वाट होती. ती फक्त मामाच्या बैलांना यायची. सहा घरं, त्यांची दीड-दोनशे जनावरं, आणि पुढचे चार महिने. मी ज्या म्हातारीला कोरडं, पुरं आणि पहिलं म्हणालो होतो, तिच्या घरी त्या दिवशी मीठ शिल्लक असेल की नाही, तेही मला माहीत नव्हतं. विचारायला मी एकदाही गेलो नव्हतो.

मामाला बोलावणं धाडावं लागलं नाही. तो मघापासून उभाच होता.

"बैल द्या," मी म्हणालो. एवढे दोनच शब्द. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण.

"देतो की. पर माजी गळ घेनार. पोत्यामागं दोन पायल्या."

"दीड," मी म्हणालो.

"का?"

"मी मोजलंय. दीडच गळते. गावासमोर मोजलंय."

त्यावर मामा एवढा हसला की त्याला घोंगडी सावरावी लागली. "दीड? तुमची दीड गळली! सकाळी घेतलंत, फाटक्या पोत्यात घातलंत, बैलांकडनं चाटवलंत, डोक्यावरनं आणलंत. तुमच्यासारक्या येड्याची दीड गळली, तर माजी एक बी गळत न्हाई! माजं मीठ आसं—"

तो थांबला. फार उशिरा थांबला.

पासलीतल्या सगळ्या बायका कमरेवर मडकी घेऊन तिथं उभ्या होत्या.  मग आत्यानं आपलं मडकं खाली ठेवलं.

"किती म्हनलासा, मामा?"

"न्हाई, म्हंजी..."

"एक बी गळत न्हाई म्हनलासा."

"बापाच्या येळंपासनं दोन हायती," मामा म्हणाला. "म्या कवा मोजलंय? बा म्हनला दोन, म्या दोन घेतल्या. आता ह्यो बाबा मोजत बसला म्हनून..." त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत खरी तक्रार होती. आणि मला वाटतं, तो खरंच बोलत होता. पंचवीस वर्षं त्यानंही मोजलं नव्हतं. गळ दोन पायल्यांची असती, म्हणून दोन पायल्या. चोराला आपण चोर आहोत हे ठाऊक नसेल तर पत्रकात काय लिहायचं, याचं शिक्षण आम्हाला कुणी दिलं नव्हतं.

आत्यानं निकाल दिला. "हितनं म्होरं एक पायली. बैलाला, धुराला आन् मानसाला. त्येच्या वर घेतली तर मीठ आमी समितीकडनं आणू."

ही धमकी ऐकून मामासकट सगळे घाबरले.

तीन पोती त्याच्या अस्तरवाल्या गोणींत भरून आम्ही निघालो. चार बैल, मामा आणि मी. वाटेत तो माझ्याशी बोलला नाही. मीही बोललो नाही. एकदा तोंड उघडलं होतं, तर त्यानं "हौ" म्हटलं, आणि ते मला होतं की बैलाला, याची खात्री नसल्यामुळे मी गप्प राहिलो. पाऊस डोंगराच्या कडेनं आडवा येत होता. गोणींवर घोंगड्या, माझ्यावर काही नाही.

धनगरवाड्यावर पोचलो तेव्हा सहाही घरांची माणसं गोठ्याच्या वळचणीला येऊन उभी राहिली. मामानं गोणी उतरवल्या. तीही मीच मोजली. आता मला ती खोडच लागली होती. वाटेत चिमूटभरही मीठ गेलं नव्हतं. मामानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसता बैलाच्या पाठीवरचं पाणी निपटत राहिला. कुणी त्याला विचारलं नाही की यंदा आमचं एवढं भरलं कसं. 

त्या म्हातारीनं आपल्या वाट्याचं मीठ ओच्यात घेतलं, घरात नेलं आणि चुलीच्या कडेला पुरलेल्या रांजणात ओतायला लागली. मी तिच्या मागोमाग दारापर्यंत गेलो. उशीर झाला, पहिलं येईल म्हणालो होतो ते शेवटी आलं, चूक माझी, असं सगळं वाटेत मनात जुळवून आणलं होतं. चांगलं जुळलं होतं. छापण्यासारखं. मी सुरुवात केली, "आजी, मी जे म्हणालो होतो—"

तिनं मागे वळून मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. माझ्या सदऱ्यातून, धोतरातून पाणी ठिबकत तिच्या उंबऱ्याच्या आत येत होतं.

"वाईच मागं सरा," ती म्हणाली. "मिठाला ओल लागतीया."